भाव : दोन गुण

परीक्षा घेणे हा माझा पोटाचा धंदा आहे. वीस वर्षे मी मुलांच्या उत्तरांना लाल शाई लावीत आलो. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री, घर निजल्यावर. दिवसा गुणांची बेरीज. तेव्हा कोणा परक्याने तपासलेल्या एका उत्तरपत्रिकेवर मला एवढा संताप येण्याचे कारण नव्हते. पण आला खरा, आणि पावसाळा सरून दिवाळी आली तरी तो उतरत नाही. फराळाच्या ताटात असला कडू पदार्थ वाढणे बरे नव्हे, हे मला कळते. परंतु आमच्या घरी कारल्याच्याही कुरकुरीत काचऱ्या करतात आणि मुले त्या चिवड्यात कालवून खातात. तेवढ्या भरवशावर वाढतो.

झाले असे. आमच्या तालुक्याच्या गावी आंतरशालेय 'संगीतश्रवण स्पर्धा' झाली. महिनाभर आधी दहा ध्वनिमुद्रणांची यादी शाळेत आली. स्पर्धेच्या दिवशी त्यांतले एक लावायचे आणि मुलांनी पाच प्रश्न सोडवायचे : वाद्य कोणते, रचना कोणाची, पट्टी कोणती, लय कोणती आणि भाव कोणता. प्रत्येकी दोन गुण. कल्पना मला आवडली. ज्या गावात वरातीच्या ध्वनिवर्धकाखेरीज दुसरे संगीत मुलांच्या कानी सहसा पडत नाही, तेथे कोणी पोरांना गप्प बसवून ऐकायला लावतो आहे, हे थोडे का झाले?

यादीत नऊ नावे आपल्याकडची होती. दहावे होते योहान सेबास्टियन बाख यांच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या पहिल्या 'स्वीट'मधले आरंभीचे वादन, 'प्रेल्यूड'. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला थोरला भाऊ. बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा. तो आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या हिंदी बोलपटांच्या गाण्यांत मागे जो खर्जातला, पुरुषी गळ्यासारखा आवाज रेंगाळतो तो पुष्कळदा त्याचाच असतो, आणि मुंबईच्या स्टुडिओंत तो वाजविणाऱ्यांत गोव्याची मंडळी किती तरी होती.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. पाश्चात्त्य संगीत मला कोणी शिकविले नाही. जे कळले ते वाचून आणि ऐकून. तरी शिक्षकाच्या उत्साहाने मी मुलांची तयारी करून घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत मोबाइलला एक डबडे ध्वनिवर्धक जोडले आणि तो तुकडा आठ दिवस लावला. फळ्यावर लिहिले : जी मेजर, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच, मेजर, म्हणजे आपल्या बिलावल थाटासारखे सगळे शुद्ध सूर, म्हणून भाव आनंदी. मुलांनी उतरवून घेतले. हे वाक्य माझ्या हातचे आहे, ते मी लपवीत नाही. पुढे मी ज्यांच्यावर कोरडे ओढणार आहे त्यांच्या पंक्तीला त्या आठवड्यात मीही पाट मांडून बसलो होतो.

स्पर्धेत नेमका दहावाच तुकडा निघाला. पण ध्वनिमुद्रण आमचे नव्हते. दुसऱ्या कोणा वादकाचे, जुन्या धर्तीच्या वाद्यावर, आतड्याच्या तारांवर वाजविलेले. आमचा नववीतला एक मुलगा आहे. त्याचे वडील भजनी मंडळात पेटी धरतात. त्याने पट्टीच्या प्रश्नाला उत्तर लिहिले, 'काळी तीन'. आणि आठवीतल्या एका मुलीने भावाच्या प्रश्नाखाली छापलेले चार पर्याय, आनंदी, दुःखी, शांत व वीरश्रीयुक्त, एकालाही गोल न करता तसेच सोडले आणि समासात लिहिले : "घरात कोणी नसताना मोठ्याने बोलावे तसे वाटते. शेवटी दार उघडते."

दोघांनाही त्या त्या प्रश्नात शून्य.

मी संयोजकांकडे गेलो. गृहस्थ सभ्य होते, चहा मागविला. म्हणाले, "गुरुजी, उत्तरतालिका आम्ही मनाने केलेली नाही. पट्टी कव्हरवर छापलेली आहे. लय आणि भाव मोबाइलवर मिळाले. यंत्राला काय, पक्षपात थोडाच असतो?"

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकून पडलो आहे. यंत्राला पक्षपात नसेल. पण ऐकणेही नसते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आणि तालिकेतली जी उत्तरे त्यांना दगडावरच्या रेघा वाटत होती, त्यांतली एकही रेघ तशी नाही. एकेक घेतो.

प्रथम पट्टी. कव्हरवर 'जी मेजर' छापलेले असते ते बाखांनी कागदावर मांडलेल्या सुरांचे नाव. ते सूर प्रत्यक्षात किती उंच वाजतील, हे त्या नावात नसते. आज जगभर 'ए' हा सूर, म्हणजे आपली पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. हा आकडा ठरला तो १९३९ साली लंडनच्या एका परिषदेत. त्यापूर्वी १८५९ साली फ्रान्सने ४३५ ठरविला होता, आणि त्याही आधी गावोगावचे ऑर्गन आपापल्या उंचीवर बोलत असत. जुन्या पद्धतीने वाजविणारे आजचे वादक बहुधा ४१५ धरतात. हिशेब केला तर हा फरक बरोबर अर्ध्या पायरीचा येतो. म्हणजे कागदावर पांढरी पाच, कानाला काळी तीन. त्या भजनी मंडळाची नेहमीची पट्टी काळी तीन. आईच्या मांडीवर असल्यापासून पोराने ती ऐकलेली. फळ्यावर मी काय लिहून दिले होते ते त्याला पाठ होते, तरी कानाने जे सांगितले तेच त्याने लिहिले. स्पर्धा संपल्यावर व्यासपीठावर पेटी होतीच; त्याने सरळ जाऊन तो सूर दाबून दाखविला. संयोजक हसले आणि म्हणाले, "पण कव्हरवर जी आहे."

आमच्या माळ्यावर आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आहे. चावी उतरत आली की गवई खर्जात जात जात शेवटी घोगरा होतो, हे जुन्या घरांतल्या सर्वांना ठाऊक. ७८ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला ८२-८३ फेऱ्यांनी फिरविली की सगळे गाणे अर्धी पायरी वर चढते आणि लयही तेवढीच पळते. तेव्हा ध्वनिमुद्रणाची पट्टी आणि ध्वनिमुद्रणाची लय या कव्हरवर पाहायच्या गोष्टी नव्हेत. त्या समोर वाजत असलेल्या यंत्राला विचाराव्या लागतात, आणि तेही कानाने.

मग 'जी' या नावाला अर्थच नाही काय? आहे, आणि तो फार सुंदर आहे; पण तालिकेत त्याला जागा नव्हती. चेलोच्या चार तारा खालून वर सी, जी, डी आणि ए अशा लावतात. जी ला षड्ज मानले की षड्ज आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर येतात. बोट न लावता गज ओढला की तार आपल्या पूर्ण अंगाने गुंजते. बाखांनी पहिलाच सूर मोकळ्या तारेवरचा सा दिला, दुसरा मोकळ्या तारेवरचा प, आणि तिसरा वरच्या सप्तकातला ग. मग रे ला नुसता स्पर्श करून पुन्हा ग आणि पुन्हा प. आपला तंबोरा जे काम गवयाच्या मागे बसून करतो, ते येथे वाद्य स्वतःच्या अंगावर घेते आणि गातेही स्वतःच. पाचव्या स्वीटला काळोखी हवी होती तेव्हा बाखांनी सर्वांत वरची तार एक पूर्ण पायरी उतरवायला सांगितली. पट्टी म्हणजे लाकडाशी आणि तारेशी केलेला हा करार असतो. हे मुलांना सांगितले असते तर दोन गुणांच्या जागी दहा ठेवले तरी चालले असते.

आता लय. तालिकेत उत्तर 'द्रुत' होते, कारण मोबाइलने मिनिटाला १४० च्या आसपास आकडा दाखविला होता. मी घड्याळ समोर ठेवून पायाने ठेका धरला तो सत्तरचा पडला. यंत्राने दुप्पट मोजले होते. ही त्याची जुनी खोड आहे, कधी दुप्पट, कधी निम्मे. ते सोडून देऊ. बाखांनी काय लिहिले आहे? काहीच नाही. हे सहा स्वीट त्यांनी १७२० च्या सुमारास क्योथेनच्या दरबारी असताना रचले असे मानतात. त्यांच्या हातचा कागद हरवला आहे. जे आहे ते इतरांनी केलेल्या नकला, आणि त्यांतली एक त्यांच्या पत्नी आना माग्दालेना यांच्या अक्षरातली. संसार, मुले आणि वर नवऱ्याच्या वह्या उतरवायच्या. त्या बाईंचे उपकार कोणत्या तालिकेत मांडावे? या प्रेल्यूडवर सावकाश, जलद असा एकही शब्द नाही. मात्रांचा आकडा असणे तर शक्यच नव्हते. ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमचे पेटंट मेल्झेल यांनी घेतले १८१५ साली, आणि बाख वारले १७५० साली.

तुकडा ४२ मापांचा, मापात चार मात्रा, म्हणजे १६८ मात्रा. दोन मिनिटांत संपविला तर मिनिटाला ८४ पडतात. दोन मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद घेतले तर ६०. या दोन टोकांच्या दरम्यान आणि त्यांच्या बाहेरही कितीतरी नामवंत वादक सुखाने नांदतात. शिवाय साधारण मध्यावर पंचमावर एक थांबा आहे. तेथे वादक श्वास घेतो, आणि किती घ्यायचा ते कोणी मोजून दिलेले नाही. त्या थांब्याची लय कोणती? विलंबित, मध्य की द्रुत? एकाला गोल करा.

पण पट्टी आणि लय यांच्यासाठी मी दिवाळी अंकाची पाने अडविली नसती. साथीदाराला पट्टी सांगावीच लागते, नाचणाऱ्याला लय कळावीच लागते. खरे भांडण भावावरून आहे.

मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी, ही समजूत कोठून आली ते मला सांगता येणार नाही. पण बाखांच्याच काळी योहान मातेझोन नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांनी १७१३ साली पट्टीपट्टीचे स्वभाव लिहून ठेवले. भावांची तालिका करणाऱ्यांचे हे आद्य पूर्वजच म्हणावेत. त्यांनी जी मेजरबद्दल काय लिहिले? तर ही पट्टी गोड बोलून मन वळविणारी, तेजस्वी, आणि गंभीर व आनंदी दोन्ही गोष्टींना चालणारी! म्हणजे पूर्वजांनीच दोन पर्यायांना गोल करून ठेवला. पुढे शुबार्ट या दुसऱ्या पंडितांना त्याच पट्टीत खेड्यातली निवांत शांतता दिसली. आमच्या संयोजकांच्या हाती या दोघांच्या उत्तरपत्रिका आल्या असत्या तर निदान एकाला तरी शून्य ठरलेले होते.

कोणी म्हणेल, मास्तर, आपल्याकडेही रागांना रस आणि वेळा लावून दिल्याच आहेत की. दिल्या आहेत, आणि संगीताच्या परीक्षांत त्या पाठही कराव्या लागतात. पण राग म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. यमन संध्याकाळचा हे सांगून झाले तरी अमक्या बाईंनी अमक्या दिवशी गायिलेल्या यमनात काय झाले ते सांगायचे उरतेच. ते सांगता येण्यासाठी माणसाला तेथे बसावे लागते.

आता हाच तुकडा पाब्लो कझाल्स यांनी वाजविला त्याविषयी थोडे सांगतो. कझाल्स कॅटलोनियाचे, जन्म १८७६ चा. तेरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या एका दुकानात त्यांना या स्वीटांची जुनी छापील प्रत सापडली. पुढे बारा वर्षे रोज घोटल्यावर त्यांनी ते लोकांपुढे वाजविले, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. तोवर या रचनांना पुष्कळ लोक सरावाचे धडे समजत. त्यांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण करायला मात्र ते साठीपर्यंत राजी झाले नाहीत. सहाही स्वीट मुद्रित झाले ते १९३६ ते १९३९ या वर्षांत, लंडन आणि पॅरिस येथे. नेमकी हीच वर्षे स्पेनच्या यादवी युद्धाची. हा पहिला स्वीट त्यांनी १९३८ साली पॅरिसमध्ये वाजविला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात बार्सिलोनावर लागोपाठ तीन दिवस बॉम्ब पडले होते. १९३९ साली युद्ध संपले ते त्यांच्या पक्षाच्या पराभवाने. कझाल्स सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्राद या गावी जाऊन राहिले आणि १९७३ साली परदेशातच वारले.

हे सांगून मला त्या तबकडीत बॉम्ब ऐकवायचे नाहीत. तसे केले तर मीही चिठ्ठीच चिकटवीन : 'आनंदी' पुसून 'शोकाकुल'. ती तबकडी मी पुष्कळदा ऐकली. आज ती कोणालाही मोबाइलवर ऐकता येते; खरखर आहे, तिला घाबरू नये. गज दणकट आहे, चाल रेंगाळणारी मुळीच नाही, आणि कोठे कोठे म्हातारा चक्क घाईत आहे असे वाटते. उल्हास आहे काय? आहे. पण तो गोड उल्हास नव्हे. सकाळी उठून, काही झालेले असो, अंगण झाडायला घेणाऱ्या माणसाचा आहे. असे मला वाटते. वाचकांपैकी कोणाला निराळे वाटेल, आणि त्याला मी शून्य देणार नाही. योयो मा या चेलोवादकाचे या सहा स्वीटांचे ध्वनिमुद्रण १९८३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे तिसरे २०१८ साली. भाव चार शब्दांत एकदाच सांगून संपत असता तर शहाण्या माणसाने आयुष्यात तीनदा हा खटाटोप कशाला केला असता?

आता त्या मुलीच्या दोन वाक्यांकडे येतो. 'घरात कोणी नसताना मोठ्याने बोलावे.' वाद्य एकच आहे, साथ नाही. बहुतेक एका वेळी एकच सूर वाजतो. पण बाखांनी सूर असे पेरले आहेत की खालचा एक बोलतो आणि वरचा त्याला उत्तर देतो, असा भास होत राहतो. एकटाच माणूस, पण संभाषण चालू. याला याहून नेमके काय म्हणावे?

'शेवटी दार उघडते.' शेवटाकडे पंचम खाली धरून ठेवलेला आहे. तो सुटत नाही. त्याच्यावर सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने वर चढत जातात, शुद्ध आणि विकृत असा भेद न ठेवता, एकही पायरी न गाळता. ऐकणाऱ्याचा जीव टांगलेला राहतो. आणि मग वरच्या षड्जाशी पोचून, शेवटच्या मापात एकाहून अधिक तारा एकदम बोलतात. तुकडाभर वाट पाहायला लावलेली ती जागा. या मुलीला 'डॉमिनंट पेडल' हा शब्द ठाऊक नाही. मलाही तो चाळिशीत समजला. पण जे शास्त्रकार चार ओळींत सांगतात ते तिने तीन शब्दांत सांगितले, तेही माझा फळा बाजूला सारून. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत श्रवणाची अशी उत्तरे फार तर चार-पाच आली असतील.

संयोजकांचा एक मुद्दा मी मान्य करतो. सूचना 'योग्य पर्यायाला गोल करा' अशी होती आणि तिने गोल केला नाही. मीही शाळेत अशा उत्तराला गुण दिले नसते, असे ते म्हणाले. खोटे कशाला बोलू? कदाचित दिले नसते. चाळीस गठ्ठे पुढे असले की माणूस गोलच शोधतो. पण आम्ही गोल शोधतो तो थकव्याने, आणि ती आपली लाज आहे हे आम्हांला ठाऊक असते. येथे लाजेचा प्रश्नच उरलेला नव्हता. मोबाइलने सांगितले होते ना, आनंदी!

संगीत ऐकवणाऱ्या कंपन्या गाण्यांना असे भाव लावतात ते त्यांच्या सोयीसाठी. झोपेची गाणी एका टोपलीत, व्यायामाची दुसऱ्या टोपलीत. भाजीवालीनेही मेथी वेगळी आणि शेपू वेगळा ठेवावाच लागतो. त्यावर माझा राग नाही. पण टोपलीवरची चिठ्ठी वाचून मेथीच्या चवीचे गुण देणारा परीक्षक मी प्रथमच पाहिला.

त्या दिवशी परतीच्या एस.टी.त मुलगी खिडकीपाशी बसली होती. बराच वेळ बोलली नाही. घाट लागल्यावर तिने विचारले, "सर, मग बरोबर उत्तर काय होते?"

मी म्हणालो, "आनंदी."

ती म्हणाली, "पण तुम्हीसुद्धा तेच लिहून दिले होते. मला आठवत होते."

"मग लिहिले का नाहीस?"

"तेव्हा ते वाजत होते ना," ती म्हणाली.

पेटीवाल्याचा मुलगा मागच्या बाकावरून ओरडला, "सर, काळी तीनच होती!" आणि एस.टी.तले उतारू वळून पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतला फळा पुसला. 'जी मेजर' तेवढे ठेवले, त्याच्या पुढचे 'म्हणून' पुसले. उत्तरपत्रिका परत मिळत नाहीत, पण त्या समासाचे छायाचित्र मी काढून घेतले होते. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. हा अंक छापून आला की त्याची एक प्रत मी त्या संयोजकांना टपालाने पाठविणार आहे, फराळाच्या पुडीसह. माणूस वाईट नाही. मुलाचे दोन आणि मुलीचे दोन, असे चार गुण त्यांच्याकडून अजून येणे आहेत.